गोंद्याले उन्हाळी लागली

बोका आमचा हाये. हे मी पयलेच सांगून ठेवते, कारण आमच्या बार्शीटाकळीत तुमी कोणालेही इचारा, सारे म्हणतीन का तो सिताराचा हाये. सितारा म्हणजे आमची शेजारीण. तिच्या अन् माझ्या घराच्या मधात कमरेएवढी भिंत हाये, बस. बोका जनमला आमच्याकडे, कांद्याच्या पोत्यामागं. त्याची माय गाडीखाली गेली तवा मी त्याले कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. अन् मोठा झाल्यावर लेकाचा भिंतीवरून उडी मारून गेला तिच्याकडे राह्याले! तिच्याकडे कूलर हाये. तिचा नवरा शफी कूलर दुरुस्तीचंच काम करते, मंग गारवा त्याच्या घरी नाही राहीन त का आमच्या टिनाखाली राहीन?

आमच्याकडे त्याचं नाव गोंद्या, तिच्याकडे नवाब. हाक कोणतीही मारा, तो पाह्यते फक्त ताटाकडे.

मले याचा भल्ला राग येये. बोक्याचा बी अन् सिताराचा बी. आमचे हे, भगवंतराव, हसत. म्हणत, "अवं वच्छला, बोका हाये तो. घरजावई थोडाच हाये, का त्यानं इथंच राह्यलं पायजे?" यायले काय, यायले सारंच हसण्यावारी न्यायची सवय. मी सकाळी मुद्दाम वाटीत दूध ठेवो. तो कधी येये, कधी ये ना. नाही आला त ते दूध मीच चहात टाको, अन् तो चहा मले गोड लागे ना.

त झालं असं का मे महिन्यातला मंगळवार होता. सकाळी सहालेच ऊन असं का चप्पल ओट्यावर राहिली त पाय भाजे. आमच्या घरामागं मोगऱ्याचे वाफे हायेत, थोडी कोथिंबीर, थोडा पालक. मी पाइपानं मोगऱ्याले पाणी देऊन बाजूले झाली तितक्यात गोंद्या भिंतीवरून उतरला. म्हणलं, आली वाटते आठवण! पण तो माझ्याकडे पाहे बी ना. सरळ वाफ्यात गेला, माती उकरली अन् बसला. बसला त बसलाच. उठला, दोन पावलं चालला, पुन्हा बसला. मंग न्हाणीत जाऊन मोरीच्या तोंडावर बसला. तिथून उठून उंबऱ्यावर. मधात मधात खालच्या अंगाले चाटे, अन् असा आवाज काढे का मले वाटलं कोणाचं लेकरू रडून राहिलं.

हे काय होऊन राहिलं मले काही समजे ना.

यायले इचारलं. हे दात घासता घासता म्हणाले, "बोका हाये, जागोजागी हद्द आखून राहिला. नवीन बोका आला असन गल्लीत." म्हणलं, हद्द आखते त शेपटी वर करून उभा राह्यते, हा त बसून राहिला. मंग मले वाटलं पोट साफ होत नसन. सितारा त्याले सुके बोंबील अन् शफीनं आणलेले पाकिटातले दाणे चारते, घट्ट झालं असन. एरंडेल द्यावं का? मंग वाटलं, नाही, पोटाचं नाही हे. अन् एकदम डोक्यात उजेड पडला. याले उन्हाळी लागली!

आता वऱ्हाडात राहून तुमाले उन्हाळी मालूम नाही असं होत नाही. मे महिना आला का प्रत्येक घरात कोणाले ना कोणाले लागतेच. लघवीले आग होते, थेंब थेंब होते, दर पाच मिनिटाले जा लागते. त्याच्यावर आमच्या सासूचं औषध ठरलेलं. धने, जिरं अन् खडीसाखर भिजवून ते पाणी प्यायचं अन् बेंबीवर ओला फडका ठेवायचा. माणसाले लागते त मांजराले काहून नाही लागन? मी भगुन्यात धने भिजवले, गाळले, अन् त्याले टावेलात गुंडाळून चमच्या चमच्यानं पाजलं. त्यानं मले दोन जागी ओरबाडलं. मंग फडका ओला केला, पण आता बोक्याची बेंबी कुठं असते? पालथा केला, उताणा केला, सारा केसच केस. शेवटी अंदाजानं ठेवला. पोटाले हात लागला त तो असा किंचाळला का माझ्या हातून सुटूनच गेला.

तितक्यात भिंतीवरून सितारा. कानाले मोबाईल, ओढणी अर्धी जमिनीवर.

"काकू, नवाब तुमच्याकडे हाय का?"

"गोंद्या इथंच हाये," मी म्हणलं.

"रातभर ना असाच करून राहिला. बैठता, उठता, रोता. मी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईले फोन लावला, त्या लाइनवर हायेत. त्या इचारतात, पेशाब होते का नाही?"

आता पाहा, इथं माझं डोकसं कसं फिरलं ते सांगते. मी त्याले वाफ्यात बसलेला पाह्यला होता. तो उठल्यावर माती ओली होती. पण माती त मीच ओली केली होती पाइपानं! "मालूम नाही बाई" एवढं म्हणता आलं असतं मले. पण सितारा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "नही मॅडम, आमच्याकडे त केली नाही. अन् काकूकडे तो जास्त जात बी नाही."

बस. हे ऐकलं अन् माझ्या डोक्याची शीर तडकली.

"जात नाही म्हणजे? रोज येते तो! आत्ताच केली त्यानं, मोगऱ्याच्या वाफ्यात. चांगली धार होती."

धार! कुठून आली ती धार माझ्या तोंडात, मले अजूनही समजलं नाही.

सितारानं ते जसंच्या तसं फोनवर सांगतलं. मंग फोन ठेवून मले म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणतात, होत असन त पाणी पाजा अन् उद्या सकाळी दाखवाले आणा. पण बोका हाये, एक थेंब बी होत नसन त रात काढू नका म्हणे. तसाच उचलून आणा, जीव जाते म्हणे." हे बोलून तिनं कपाळावरचा घाम पुसला. "अल्लाचं शुक्र, तुमी पाह्यलं काकू. मी त शफीले म्हणून राहिली होती का आत्ताच ऑटो काढ."

मी मान हलवली. मान हलवाले काय लागते?

दिवसभर तो माझ्याकडेच होता. पयल्यांदा दिवसभर. मी खुशच झाली, सांगाले लाज वाटते पण झाली. तीनदा धन्याचं पाणी पाजलं. संध्याकाळी पोट तटतटलेलं दिसलं त म्हणलं, पाणी पेला ना, म्हणून. तो मोरीवर जाये, बसे, रडे, परत ये. मी म्हणो, थांब रे राजा, उद्याले उतरते उन्हाळी. मधातच डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवे. मंग मी सोताले समजावो, का केली असन त्यानं. माती ओली होती ना? मंग? अन् पुन्हा वाटे, पण ओली त मी केली होती. असं दिवसभर माझ्याच डोक्यात मी अन् मी भांडून राहिल्या.

बुधवारी शफीले सकाळीच एका गावाले कूलर बसवाले जा लागलं. अकराले येतो म्हणाला, मंग अकोल्याले जाऊ. सितारा गोंद्याले पहाटेच घेऊन गेली होती, अन् तवर तो तिच्या कूलरखाली ओल्या फरशीवर पडला होता. आता तो बसे बी ना अन् रडे बी ना. मले वाटलं आराम पडला. दहाच्या सुमाराले त्यानं पिवळी उलटी केली. सितारा ओरडली तशी मी भिंतीवरून पाह्यलं. त्याचे डोळे उघडे होते, पण तो आमच्या कोणाकडेच पाहून राहिला नव्हता.

माझे पाय आपोआप वाफ्याकडे गेले.

बोक्याच्या मुताचा वास काय असते हे मी काय सांगू बाप्पा. एकदा पोत्यावर केली का ते पोतं वर्षभर घरात घेता येत नाही. मी गुडघे टेकले अन् तो जिथं बसला होता तिथली माती हातात घेतली. हुंगली. त्याच्या बाजूची हुंगली. नखानं उकरून खालची हुंगली. चिखलाचा वास होता. मोगऱ्याचा होता. दुसरा कोणता वास नव्हता.

"अवं," मागून हे म्हणाले, "मोगरा वर हाये, तू खाली काय हुंगून राहिली?"

मी यायले सारं सांगतलं. धारेचं बी. हे हसले नाहीत. चाळीस वर्षात पयल्यांदा हसले नाहीत. म्हणाले, "जाय, सांग तिले. आत्ताच."

गेली ना मी. सांगाच्याच इराद्यानं गेली. पण शफी आला होता, अन् सितारा गोंद्याले भाजीच्या कॅरेटात ठेवून वर दुसरं कॅरेट सुतळीनं बांधून राहिली होती. डोळ्याले पाणी, नाकाले पाणी. मले पाह्यलं अन् म्हणाली, "काकू, तुमी बी चला. तुमच्या हातचा हाये तो. तुमचा आवाज ऐकन त धीर येईन त्याले."

आता सांगा, याच्यावर मी काय बोलू? मी लोडिंग ऑटोत चढली.

मागं कूलरचं गवत पसरलेलं, त्याच्यात आमी दोघी, मधात कॅरेट. वरून आग, खालून रस्ता. मी तीनदा तोंड उघडलं. पयल्या बारीले ट्रक आडवा आला. दुसऱ्या बारीले तिनंच माझा हात धरला अन् म्हणाली, "काल पेशाब झाली म्हणून तरी जिवात जीव होता, काकू." तिसऱ्या बारीले मी म्हणलं, "सितारा, ऐक ना." ती म्हणाली, "काय?" मी म्हणलं, "त्याले सावली कर." अशी मी. एरवी बजारात पाच माणसाले एका दमात गप करणारी.

अकोल्याले डॉक्टर मंजुषाबाईचा दवाखाना. तरुण बाई, चष्मा, बोलणं कमी. त्यायनं गोंद्याले टेबलावर घेतलं, पोटाले दोन बोटं लावली अन् चेहराच बदलला.

"लघवीची पिशवी लिंबाएवढी असायला हवी. ही संत्र्याएवढी झाली आहे, दगडासारखी कडक. नळी पूर्ण बंद आहे. बोक्यांची नळी बारीक असते, त्यात बारीक खडे अडकतात. शेवटची लघवी कधी केली यानं?"

"काल सकाळी," सितारा लगेच म्हणाली. "सात वाजता. काकूनं पाह्यली. धार होती."

"म्हणजे एकोणतीस तास." मॅडमनं घड्याळ पाह्यलं अन् सुई भरायले घेतली. "तर मग भूल देऊन लगेच नळी घालू. रक्ताचा रिपोर्ट यायला तास जाईल, तेवढं थांबण्यात अर्थ नाही. दोन दिवस होत आले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा विष हृदयापर्यंत गेलेलं असतं, भूल दिली की टेबलावरच थांबतं."

मी टेबलाच्या कडेले सरकली. सांगू? सांगतलं त सितारा माझं तोंड पाहणार नाही. नाही सांगतलं त हा इथंच... पण खरंच केली असन त? थेंबभर? तो बसला त होता. मातीनं पिऊन घेतली असन, उन्हानं वास उडाला असन. आता मी सांगीन अन् केलीच असन त? मंग उशीर माझ्यामुळं होईन. माय वो, मले माझ्याच डोळ्याचा भरवसा राहिला नव्हता. काय पाह्यलं होतं मी? काय पाह्यचं होतं मले?

मॅडमनं गोंद्याची मागची तंगडी धरली.

"थांबा!" मी ओरडली. "मॅडम, थांबा. मी पाह्यली नाही."

सारे माझ्याकडे पाह्याले लागले.

"तो बसला होता. लघवी मी पाह्यली नाही. माती मीच पाण्यानं ओली केली होती. धार नव्हती. मी खोटं बोलली." अन् मंग कोणी इचारलं नसतानाही तोंडातून निघालं, "तो माझ्याकडे बी येते हे दाखवाचं होतं मले."

मॅडम माझ्यावर चिडल्या असत्या त बरं झालं असतं. त्यायनं सुई खाली ठेवली अन् सिताराकडे पाह्यलं. "मग तुम्ही शेवटची कधी पाहिली?"

सिताराचा आवाज मी ओळखलाच नाही. "सोमवार. मगरिबच्या वक्ताले, दिवस बुडता. गच्चीवर, रेतीत."

"एक्केचाळीस तास," मॅडम म्हणाल्या, अन् मंग त्यायचे हात भराभर चालाले लागले. आधी सलाईन. हृदयासाठी कायतरी इंजेक्शन. पोटातून बारीक सुईनं लघवी ओढून काढली, तिचा रंग कोऱ्या चहासारखा होता, लालसर. मले पाहवलं नाही. "धन्याचं पाणी किती पाजलं?" त्यायनं इचारलं. मी सांगतलं. त्या म्हणाल्या, "बाहेर जायचा रस्ताच बंद होता हो काकू." बस, एवढंच.

बाहेर बाकड्यावर आमी बसलो. शफी उभाच होता. कूलरचा आवाज होता अन् एक कुत्रं कुठंतरी केकाटून राहिलं होतं. सितारा सुतळीचा तुकडा बोटाले गुंडाळे अन् सोडे. मंग भिंतीकडे पाहत म्हणाली, "एक दिन, काकू. पूरा एक दिन. काल ऑटो घरी उभा होता."

"मले शिव्या दे," मी म्हणलं. खरंच सांगते, मले त्याच पायजे होत्या. "दे ना माय. घाल चार शिव्या."

"नाही देत," ती म्हणाली. "दिल्या त तुमाले बरं वाटन."

मी उठून शफीले बाकड्यावर जागा केली. तो बी बसला नाही.

दोन तासानं रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या का सरळ भूल दिली असती तर हा उठला नसता. आता हलकीशी देऊन नळी घालते. पुन्हा दार लागलं. मी रोज ज्याले मोगरा वाह्यते तो देव आठवला, सितारा ओठातल्या ओठात कायतरी पुटपुटून राहिली होती, दोघीचं मागणं एकच होतं अन् आमी एकमेकींकडे पाहून राहिलो नव्हतो. दार उघडलं तवा मॅडमनं नुसती 'हो' म्हणून मान हलवली, अन् मी अशी रडली का बाकड्यावरची एक कुत्र्यावाली बाई मले पाणी द्याले उठली. सितारा उठली नाही.

दोन दिवस गोंद्या तिथंच राहिला. मी रोज शफीच्या ऑटोत जाऊन बसो. कोणी बोलावलं नाही, कोणी उतर बी म्हणलं नाही. सितारा माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जातानाही नाही, येतानाही नाही.

शुक्रवारी नळी काढली. मॅडमनं आमाले आत बोलावलं. "घरी न्या. पण हे पुन्हा होऊ शकतं. ओलं खाणं द्या, दाणे बंद, बोंबील बंद, पाणी भरपूर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंधरा दिवस याला एकाच घरात ठेवायचं, आणि दर वेळेची लघवी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वेळ लिहायची. किती, रंग कसा, सगळं. नुसता बसतोय उठतोय आणि होत नाही असं दिसलं, तर अंदाज नको, घरगुती काही नको, तसेच निघा." त्यायनं एक छापील कागद टेबलावर ठेवला. "एकच माणूस पाहिजे. कोण लिहिणार?"

मी खाली फरशी पाहून राहिली. मले काय इचारता? मले कोण इचारन?

सितारानं कागद उचलला. मले वाटलं घडी करून पर्समध्ये टाकते. तिनं तो माझ्यासमोर सरकवला.

"ह्या लिहितीन," ती मॅडमले म्हणाली. "यायच्याच घरी ठेवा."

शफी गडबडला. "अरे, लेकिन काकूनंच तो..."

"तेच त," सितारा म्हणाली. "अख्ख्या बार्शीटाकळीत आता ह्या एकच हायेत, ज्या या गोष्टीत खोटं बोलणार नाहीत."

हा टोमणा होता का माफी होती, ते मले तवा समजलं नाही अन् आजही समजलं नाही. मॅडमनं पेन पुढं केला. मी तो घेतला अन् कागदावर सगळ्यात वर लिहिलं, सोमवार, मगरिबचा वक्त, सिताराच्या गच्चीवर; मी पाह्यली नाही, तिनं पाह्यली.